शाहिंदाच्या यादीतलं शेत

रिफअतमामांनी आजवर अकरा लग्नांच्या याद्या लिहिल्या होत्या आणि एकाही यादीत वकिलाला बोट घालायला फट सापडली नव्हती. इजिप्तमधल्या मन्सूरा शहराच्या नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं खुर्ची झिजवली होती त्यांनी, उगाच का! लग्नाआधी नवरीच्या नावाचं सगळं सामान, सोन्याच्या बांगड्यांपासून लसूण ठेचायच्या खलबत्त्यापर्यंत, कागदावर उतरवायचं आणि खाली नवऱ्याची सही घ्यायची की हे सगळं बायकोचं, मी फक्त सांभाळणार. संसार मोडला तर यादीतला चमचान् चमचा परत करायचा, नाहीतर तुरुंगाची हवा खायची. यादीवर घासाघीस होऊन ठरलेली लग्नं मोडतात. मामांच्या यादीवरून मात्र एकही मोडलं नव्हतं, कारण त्यांचा नियम पक्का होता. हातात उचलता येईल ते लिहायचं. जे उचलता येत नाही ते अल्लाच्या हवाली.

म्हणून भाचीने, शाहिंदाने, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद पुढे केला तेव्हा मामांनी तो दोनदा वाचला. वर लिहिलं होतं, 'गेमच्या सीड्या, डब्यांसह, एकसष्ट.' त्याखाली लिहिलं होतं, 'डाउनलोड केलेला गेम, शेताचा, एक.'

"सीड्यांचं ठीक आहे," मामा म्हणाले. "डबा आहे, डब्यात चकती आहे, चकतीला चरा पडलाय का तेही बघून लिहीन. पण हे खालचं काय? हे आण बघू इकडे."

"आणता येत नाही, मामा. मशीनमध्ये आहे."

"मग मशीन लिहितो की. मशीन एक, आतल्या मालासह."

"मशीनमध्ये आहे, पण मशीनचं नाही ते. हैसमच्या खात्यावर आहे."

शाहिंदाचे वडील लुत्फी खिडकीत बसून भोपळ्याच्या बिया सोलत होते. रेल्वेच्या तिकीटखिडकीवर जन्म घालवलेला माणूस. जे खिडकीखालून सरकवता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात," ते म्हणाले. "व्याह्यांपुढे हसं होईल आपलं. खोड ते."

"बाबा, तुम्ही बिया खा."

शाहिंदा अठ्ठावीस वर्षांची होती. दातांच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायची आणि संध्याकाळी गेम खेळायची. शाळेपासूनचा नाद. त्या एकसष्ट सीड्या तिने जुनी देऊन नवी, दोन देऊन एक, अशा जमवल्या होत्या. चार वर्षांपूर्वी तिचा हैसमशी साखरपुडा झाला आणि तिसऱ्याच महिन्यात तो सौदीत जुबैलला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात कामाला गेला. फ्लॅट काय झाडाला लागतात? जाण्याआधी दोघांनी मिळून एक गेम घ्यायचं ठरवलं. सीडी घ्यावी तर ती एका वेळी एकाच मशीनमध्ये जाणार, आणि दुसरा बसणार समुद्रापलीकडे. म्हणून डाउनलोड घेतला. अर्धे पैसे तिचे, अर्धे त्याचे, आणि खातं हैसमच्या नावावर, कारण कार्ड त्याचं चालत होतं. मग मन्सूऱ्यातली अर्धी पोरं करतात तेच त्यांनी केलं. त्याच्या खात्याचं मुख्य मशीन म्हणून तिचं मशीन लावलं. गेम एकदाच घेतलेला आणि खेळणारे दोघं.

दर शुक्रवारी ती दोघं त्या शेतात भेटायची. तिथे त्यांनी विहीर खणली, कबुतरखाना बांधला, आंब्याची झाडं लावली. फोनवर बोलताना दोन्हीकडचे आईबाप कान टवकारून बसायचे. शेतात कुणी यायचं नाही.

"मग अडलंय कुठे?" मामांनी विचारलं. "खेळा की सुखाने."

"तो तिकडे बसून एक बटण दाबू शकतो, मामा. दाबलं की माझ्या मशीनवर गेमला कुलूप. चित्र दिसतं, चित्रावर कुलूप दिसतं, आत जाता येत नाही."

मामांनी चष्मा काढला. आता त्यांना कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. पोरीची वस्तू आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात. अहो, याद्या जन्माला आल्या त्या ह्याच दुखण्यावर!

"त्याने कधी दाबलंय?"

"नाही." शाहिंदा कागदाची कड दुमडत राहिली. "गेल्या वर्षी आमचं भांडण झालं होतं ना, स्वयंपाकघराच्या फरशीवरून? सव्वीस दिवस फोन नाही की मेसेज नाही. आई तर साखरपुड्याचं सोनं परत करायला निघाली होती. ते सव्वीस दिवस मी रोज कामावरून यायचे आणि बूट न काढता मशीन लावायचे. कुलूप पडलंय का बघायला. फोन येत नव्हता त्याचं एवढं नव्हतं वाटत. पण कुलूप पडलं असतं ना मामा, तर मी मेलेच असते."

"खेळण्यापायी मरते म्हणे!" लुत्फी खिडकीतून म्हणाले.

"मला पुन्हा तसं भिऊन राहायचं नाहीये," शाहिंदा म्हणाली. तिचा आवाज चिरकला, आणि ती काही उठसूट रडणारी पोरगी नव्हती. "लिहा ते. नाही लिहिलंत तर मीच यादीखाली सही करणार नाही, मग बसा सगळे."

"बरं बरं, डोळे पूस. कसं लिहायचं ते बघतो मी," मामा म्हणाले.

ज्या गोष्टीतलं आपल्याला कळत नाही ती कागदावर घ्यायची नाही, हाही त्यांचा एक नियम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विद्यापीठामागच्या गल्लीत मुरकुसच्या दुकानात गेले. मुरकुस जुन्या गेमच्या सीड्या विकायचा आणि बदलून द्यायचा. शाहिंदाचे अर्ध्याहून जास्त डबे त्याच्याकडूनच आलेले, आणि त्याच्या तोंडातले पुढचे दोन दात शाहिंदाकडून. त्याने मामांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"असं बघा उस्ताद," तो म्हणाला, "सीडी म्हणजे बकरी. दावं ज्याच्या हातात, बकरी त्याची. विका, उसनी द्या, मेहुण्याला द्या, कोण विचारतंय? आणि डाउनलोड म्हणजे कालव्याचं पाणी. तुमच्या वाफ्यातून वाहतंय तोवर तुमचं. पाणी अडवायची वरची फळी कुणाच्या हातात आहे ते विचारायचं नाही."

"मी विचारायलाच आलोय. कुणाच्या हातात?"

"खरं सांगू? कंपनीच्या. आपण पैसे मोजतो ते खेळायच्या परवानगीचे. ते शेत राहतं त्यांच्या कुठल्यातरी लांबच्या संगणकात. उद्या त्यांना वाटलं आणि त्यांनी तो बंद केला, तर तुमची भाचीही बाहेर आणि जावईही बाहेर."

मामा स्टुलावरून पडायचेच बाकी राहिले. "म्हणजे पोरीचं नाही, पोराचंही नाही, आणि पैसे मात्र दोघांचे? दिवसाढवळ्या दरोडा आहे हा! आणि लोक घेतात?"

"रांगा लावून घेतात. घरबसल्या मिळतो, डबा सांभाळायला नको, सीडी खराब व्हायची भीती नको. माझा धंदा बसला तो काय उगाच?" मुरकुसने फळीवरचा एक नवाकोरा डबा काढून उघडला. आत चकती नव्हतीच, एक कागद होता आणि त्यावर आकडे. "आता सीडीवालेही कधी कधी असं करतात. डबा विकतात, आत डाउनलोडची चिठ्ठी."

मामांनी डबा हातात घेतला, उलटा केला, हलवून बघितला. हातात उचलता येत होता. त्यांच्या नियमाने तो यादीत बसत होता, आणि आत तर काहीच नव्हतं. हे त्यांना फारच झोंबलं.

"तरी एक आहे," मुरकुस म्हणाला. "सीडी एका वेळी एकाचीच. डाउनलोडवर दोघं खेळतात. म्हणून तर पोरं भागीत घेतात. आणि महिना जात नाही तो माझ्याकडे भांडत येतात, मुरकुस, वाटणी करून दे. सीड्यांची वाटणी मी पाच मिनिटांत करतो. ही तुझी, ती त्याची, निघा. डाउनलोडची काय करणार, डोंबल? ज्याचा हात आधी चालला त्याचं शेत."

एवढं ऐकल्यावर मामांचा निर्णय झाला. ज्याचा हात आधी चालेल त्याचं, असं असेल तर मग भाचीचा हात आधी चालला पाहिजे. पुढच्या तीन सकाळी त्यांनी त्या एका ओळीवर घातल्या. नोंदणी कचेरीतला सगळा अनुभव त्यात ओतला. शेवटी ओळ झाली ती अशी: 'शेताचा डाउनलोड केलेला गेम, तो ज्या खात्यावर आहे त्या खात्यासह, पासवर्ड व ईमेलसह, सर्वस्वी वधूच्या मालकीचा.' नियम मोडला होता खरा. पण खातं उचलता येत नसलं तरी सही तर हातानेच होते, असं त्यांनी स्वतःचं समाधान करून घेतलं.

शुक्रवारी जुम्याची नमाज उरकून दोन्ही घरची माणसं लुत्फींच्या बैठकीत जमली. हैसम दहा दिवसांच्या रजेवर आला होता. उन्हाने रापलेला, मानेवर कॉलरची पांढरी रेघ. त्याचे वडील, हाज बयूमी, तळखा गावातले चाऱ्याचे व्यापारी. आवाज असा की रस्त्यापलीकडच्या कोंबड्या दचकाव्यात. बायका आतल्या खोलीत, दार अर्धं उघडं. शाहिंदा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती, कारण आत बसून तिला काही ऐकू आलं नसतं.

मामा वाचायला लागले. झुंबर, पितळी, एक. पडदे, सहा जोड्या. काचेचं कपाट, भांड्यांसह.

"त्यातली भांडी कधी वापरणार आहेत का?" हाज बयूमींनी विचारलं.

"कोण वापरतं? तुमच्या घरची वापरलीत?" लुत्फी म्हणाले.

"बत्तीस वर्षांत एक वाटीसुद्धा नाही," हाज बयूमींनी कबूल केलं. "लिहा."

फ्रिजवर थोडी घासाघीस झाली, ती रीतच आहे. सीड्यांवर हाज बयूमींनी कपाळाला हात लावला. "एकसष्ट? आम्ही सून नेतोय की खेळण्यांचं दुकान?" पण लिहा म्हणाले. मग मामांनी घसा साफ केला आणि शेताची ओळ वाचायला घेतली. "शेताचा..."

"थांबा!" हाज बयूमी अर्धे उठले. "शेत? कुठलं शेत? रिफअत उस्ताद, माझी दीड फद्दान जमीन आहे, ती माझ्या बापाची आहे, आणि अजून मी मेलेलो नाही! यादीत कधी जमीन घालतात काय?"

"जमीन नाही हो, हाज. गेममधलं शेत आहे. खोटं."

"खोटं?"

"बघायला मिळतं, हातात येत नाही."

हाज बयूमी मामांकडे बघत राहिले, लुत्फींकडे बघितलं, मग मुलाकडे. आणि असे हसले की पोटावर चहा सांडला. "अरे मग घ्या ना! दीड फद्दान घ्या, शंभर फद्दान घ्या! लिहा, लिहा. हैसम, कर रे सही. हवा द्यायला आपलं काय जातंय!"

लुत्फीही हसले. आतून बायका हसल्या. मामांनी सुटकेचा श्वास सोडला. ज्या ओळीसाठी तीन सकाळी जीव टांगणीला लावला ती अशी हसतखेळत निघून गेली. त्यांनी कागद हैसमपुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

हैसमने ओळ वाचली आणि पेन घेतलं नाही.

"ही ओळ नको, मामा," तो म्हणाला.

"काय?"

"फ्रिज तिचा. पलंग, पडदे, झुंबर, सगळं तिचं. सोनं दहा ग्रॅम वाढवा, डोळे मिटून सही करतो. पण शेत सगळं तिचं, असं मी लिहून देणार नाही."

बैठकीतलं हसू जागच्या जागी विरलं. लुत्फी उभे राहिले. "बघितलंस, रिफअत? खेळण्यावर अडला! आज खेळण्यावर अडतोय, उद्या पोराबाळांच्या दुधावर अडेल. झालं बोलणं. सोनं आणा रे आतून, परत द्या ह्यांचं!"

"अरे, सही कर गपचूप!" हाज बयूमी मुलावर ओरडले. "हवेपायी लग्न मोडतोस, गाढवा?"

मामांचंही डोकं तापलं. इतका चांगला वाटलेला मुलगा, आणि असा निघावा! "तीनशे पौंडांची सुद्धा वस्तू नाही ती," ते म्हणाले. "मग धरून कशाला बसलास? मला माहितेय. किल्ली खिशात ठेवायचीय तुला. बायको रुसली की कुलूप लावायला बरं."

"कुठलं कुलूप?" हैसमने खरोखरच गोंधळून विचारलं.

उत्तर शाहिंदाने दिलं. ट्रे अजून तिच्या हातात होता. "गेमवरचं. फरशीच्या भांडणात तू फोन केला नाहीस, तेव्हा मी रोज बघायचे. रोज. आज लावलंय का, आज लावलंय का."

हैसमने वळून तिच्याकडे बघितलं. एवढ्या माणसांत तो तिच्याशी सरळ बोलला, हे दोन्ही बापांच्या लक्षात आलं.

"तू कुलूप बघायला यायचीस?"

"मग कशाला?"

"मला वाटायचं..." तो थांबला, मानेवरून हात फिरवला. "मी शिफ्टवरून आलो की मशीन लावायचो. तू नसायचीस, पण वाफे ओले असायचे. आंब्यांना पाणी घातलेलं असायचं. सव्वीसच्या सव्वीस दिवस. मी म्हणायचो, पाणी घालतेय म्हणजे अजून सोडलेलं नाही मला. तेवढं बघायचो आणि झोपायचो. तिकडे आठ जण एका खोलीत राहतो आम्ही, काका, दाखवण्यासारखं माझं असं दुसरं काही नाही तिथे. शेतातलं माझं अर्धं मी कुणाला देणार नाही. हिलासुद्धा नाही."

"कुलूप नाही म्हटल्यावर आत जायचे," शाहिंदा म्हणाली. "आत गेल्यावर वाळलेलं बघवायचं नाही."

"आणि पासवर्ड तुझ्याकडे होताच की. तू बदलला असतास तर मीच बाहेर. मीसुद्धा भीत भीतच लावायचो मशीन."

पासवर्डचं शाहिंदाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मशीन लावताना लिहून घेतलेला, चार वर्षं तो तिच्या वहीत होता.

"मग फोन करायला काय झालं होतं तुला?" तिने विचारलं.

"तुला काय झालं होतं?"

हाज बयूमींनी लुत्फींच्या कानाशी तोंड नेलं. त्यांचं कुजबुजणंही सगळ्यांना ऐकू गेलं. "ही पोरं वेडी आहेत की आपण?" लुत्फी खाली बसले.

शाहिंदाने ट्रे टेबलावर ठेवला. "मामा, ती ओळ काढा."

"विचार कर," मामा म्हणाले. त्यांना हे सांगणं भाग होतं, एकतीस वर्षांची सवय. "कागदावर नसेल तर उद्या काही झालं तरी कुणी तुझ्या बाजूने उभं राहू शकणार नाही. मीसुद्धा नाही. कुलूप लावलं तर लावलं."

"माहितेय. काढा. सगळं एकाचं झालं तर मलाही नकोय ते."

यादीत खाडाखोड चालत नाही. खोडलेली ओळ म्हणजे वकिलाला आयतं दार. मामांनी तीन कोरे कागद मागवले आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. झुंबर, पितळी, एक. पडदे, सहा जोड्या. चहा गार झाला, तो बदलून दुसरा आला, बायकांनी बसबूशाच्या, रव्याच्या गोड वड्यांची ताटं फिरवली, हाज बयूमी चाऱ्याचे भाव सांगत बसले. मामा मान वर न करता लिहीत होते. ज्या दिवशी सगळं मोडेल त्या दिवसासाठी त्यांनी आजवर अकरा याद्या लिहिल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी नवरी जास्त मागायची, नवरा कमी करायचा. वस्तू काढा असं सांगणारी नवरी त्यांनी पाहिली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले, आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने ते दोनदा थांबले. लुत्फींनी ते बघितलं आणि बियांची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

सीड्या, डब्यांसह, एकसष्ट. त्याखाली मामांनी सरळ रेघ ओढली आणि कागद हैसमपुढे ठेवला.

हैसमने पेन घेतलं आणि तिन्ही पानांवर न वाचता सही केली. प्रत्येक नवऱ्याला मामा दटावून सांगायचे, आधी वाच, मग सही कर. ह्याला त्यांनी काहीच म्हटलं नाही.